थंडीत आयडलिंगला गाडी बंद पडणे (परतवाडा–मेळघाट)

थंड हवेत गाडीचे यंत्र सुरू होते, परंतु ॲक्सिलरेटरवरील पाय काढताच, अथवा मोटारसायकलीची रेस सोडताच, स्वतःच्या मंद फेऱ्यांवर न टिकता आचके देऊन बंद पडते, असा हा दोष आहे. या मंद फेऱ्यांचे वाजवी प्रमाण मोटारीत मिनिटाला साधारण ७५० ते ९०० व मोटारसायकलीत १,२०० ते १,४०० असते. अचलपूरची जुनी छावणी असलेले परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर वसले आहे आणि तेथून निघालेला घाटरस्ता मेळघाटातील चिखलदऱ्यास सुमारे १,१०० मीटरांवर पोहोचतो. यामुळे एकाच सकाळी एकाच गाडीला दोन भिन्न हवांचा सामना करावा लागतो, आणि हे ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती बहुधा फोल ठरते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याचे बाष्प जळते, आणि संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे यंत्रात मिश्रण नेणाऱ्या गारठलेल्या नळीच्या भिंतींवर पेट्रोलाचा बराचसा अंश तसाच साचून राहतो, उलट गार हवा अधिक दाट असते, म्हणून यंत्रात जाणारे मिश्रण पातळ होते. ही तूट भरून काढण्यासाठीच चोकाची योजना आहे. मंद फेऱ्यांत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्याने सारी भिस्त कार्बोरेटरमधील स्लो जेटच्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रावर असते, आणि महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत त्या छिद्रात पेट्रोलाचा पिवळट राळेसारखा थर धरतो. जेट काढून उजेडाकडे धरल्यास छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे. ते तारेने कोरू नये, द्रावणात भिजवून हवेच्या दाबाने साफ करावे, कारण एकदा रुंदावलेले छिद्र पूर्ववत होत नाही.

चिखलदऱ्यास प्रकरण उलटते. तेथे वायुभार परतवाड्याहून आठ-नऊ टक्क्यांनी कमी असल्याने खाली जुळवलेला कार्बोरेटर वर जाऊन पेट्रोलाचे प्रमाण जास्त देतो, आणि थंडी पाहून चोक ओढून ठेवल्यास प्लग काजळून गाडी गुदमरते. म्हणून कोणत्याही स्क्रूस हात लावण्यापूर्वी प्लग काढून पाहावा : टोक पांढरट व कोरडे असल्यास मिश्रण पातळ, काळेकुट्ट असल्यास जास्त घट्ट. चोक किंचित ओढल्यावर फेरे सावरले तर पातळपणाची शंका पक्की होते. मग कार्बोरेटर व यंत्र यांमधील रबरी जोडावर साबणाचे पाणी सोडावे, आणि फेऱ्यांत क्षणभर फरक पडल्यास तेथून चोरहवा शिरत आहे असे समजावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला व त्याची जागा इंजेक्शनने घेतली. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलाचा हिशेब तापमान-सेन्सरवर चालतो. यंत्र थंड असता त्याने ते गरम असल्याचा खोटा दाखला दिला, तर जास्त पेट्रोल मिळतच नाही. थ्रॉटलच्या कडेला साचलेला कार्बन हे दुसरे कारण, आणि ते आधी तपासावे, कारण साफसफाईस खर्च फारसा नाही. २०२५ पर्यंत देशभर रूढ झालेले २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मिश्रण आणखी पातळ करते, शिवाय इथेनॉलचे बाष्प होण्यास पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. ज्या गाडीची पूर्वी तक्रार नव्हती, तिची आता का उद्भवली, याचा एक उलगडा येथे आहे.

कारण न शोधता आयडल स्क्रू पिळून फेरे वाढवण्याची सर्रास चाललेली रीत प्रस्तुत लेखकास घातक वाटते. तसे केल्याने दोष दबतो, यंत्र तापल्यावर फेरे अवाजवी चढतात, आणि चिखलदऱ्याहून उतरताना यंत्राचा जो रोध चाकांना मिळावयाचा तो घटतो. दोष तसाच ठेवून घाट उतरणे तर त्याहून वाईट, कारण उतारावर यंत्र बंद पडले की मोटारीच्या ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य एक-दोन दाबांतच संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. अशा वेळी ब्रेक वारंवार न दाबता एकदाच जोराने दाबून धरावा, गिअर खालचाच ठेवावा, व गाडी डोंगराच्या बाजूला लावून उभी करावी.