तीन वर्षांचे रविवार

आम्ही कॉमर्सचे पदवीधर, त्यात बँकेत कारकून. आकड्यांशी आमचा संबंध पोटापुरता. मूळ संख्या म्हणजे काय, हे आम्ही आपल्या पद्धतीने लक्षात ठेवलं आहे. जी मधेच मोडता येत नाही अशी मुदत ठेव! एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कोणी निःशेष भागू शकत नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात मर्सेन नावाचे एक साधू होते. ६७ वेळा दोन मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यातून एक वजा करा. येणारी संख्या मूळ आहे, असं त्यांनी १६४४ साली पुस्तकात छापून टाकलं. संख्या एकवीस आकडी. तपासायला कोण जातो? आमच्याकडेही साहेबांची सही असलेलं व्हाउचर असंच पुढे सरकतं.

१८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं, की ही संख्या मूळ नाही. मग तिला भागतं कोण? ते मात्र त्याच्या रीतीतून कळत नव्हतं. वाचकहो, हा माणूस आमच्या ऑडिटरचा पूर्वजच असला पाहिजे. चूक आहे हे नक्की, कुठे आहे ते तुम्ही शोधा!

ते शोधलं अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी. ३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, गणित परिषदेची सभा. ई. टी. बेल या गणितलेखकाने सांगितलेली हकिगत अशी, की कोल फळ्यापाशी गेले, एक शब्द न बोलता दोनाचे गुणाकार करत सुटले आणि शेवटी एक वजा केला. उत्तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मग फळ्याच्या कोऱ्या भागावर १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार हाताने केला. तेच उत्तर! टाळ्या पडल्या, कोल जागेवर जाऊन बसले. प्रश्न एकही नाही. (आमच्या युनियनच्या सभेत हे कधी घडेल?)

किती वेळ लागला, या प्रश्नाला त्यांनी पुढे उत्तर दिलं म्हणे, तीन वर्षांचे रविवार. म्हणजे दीडशेवर रविवार! आमचा एक रविवार रेशन आणि दळण यांत जातो, उरलेला झोपेत. बरं, नुसतं आंधळं भागत बसणं नव्हे. या संख्येला भागणारा आकडा १३४ च्या कुठल्या तरी पटीत एक मिळवूनच येतो, हे ठाऊक होतं. बाकीचे आकडे दारातूनच परत. तरी उरलेली रांग पेन्शनच्या दिवशीच्या रांगेपेक्षा लांबच.

मर्सेनच्या यादीत पुढे आणखी चुका निघाल्या, एकूण पाच. दोन नको त्या घुसल्या होत्या, तीन हव्या त्या राहिल्या होत्या. पूर्ण ताळा जुळायला १९४७ साल उजाडलं. तीनशे वर्षं! आम्हाला ३१ मार्चची एक रात्र मिळते.