सालाम्बोचे कार्थेज : कादंबरीवर किती विसंबावे? (थ्रेड)

ट्युनिसहून समुद्रकाठाने जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर ‘कार्थेज सालाम्बो’ नावाचे स्थानक आहे. ही सालाम्बो कार्थेजची राणी नव्हे. गुस्ताव्ह फ्लोबेर या फ्रेंच लेखकाने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीची ती नायिका!

कथेचा पाया मात्र इतिहासाचा. पहिल्या प्यूनिक युद्धात रोमकडून हरलेल्या कार्थेजला भाडोत्री सैनिकांचा पगार चुकता करता येईना. इ.स.पू. २४१ मध्ये त्यांनी बंड केले. ते मोडायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने ही हकिगत लिहिली आहे. माथो आणि स्पेंडियस हे बंडाचे पुढारी, हॅनिबलचा पिता हॅमिल्कार, कोंडीत सापडून भुकेपायी नरमांस खाणारे बंडखोर... वाचकाला जे अतिरंजित वाटते, नेमके तेच त्याच्या ग्रंथात सापडते. हॅमिल्कारने नारावास या न्यूमिडियन सरदाराला आपली कन्या देऊ केली, एवढेही तो सांगतो. तिचे नाव देत नाही. नाव आणि माथोचे तिच्यावरील प्रेम ही फ्लोबेरची भर.

आणि ते नगर? १८५८ साली फ्लोबेर स्वतः तिथे गेला आणि परतल्यावर त्याने लेखन नव्याने आरंभले. पण त्याने पाहिले काय? रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज उद्ध्वस्त केले आणि पुढे तिथेच आपले शहर वसवले. म्हणजे ऊन, समुद्र, टेकड्या त्याच्या डोळ्यांनी टिपलेल्या. मंदिरे आणि वाडे पुष्कळसे ग्रंथांतून उभारलेले. पुरातत्त्वज्ञ फ्रोनर यांनी चुका काढल्या, तेव्हा फ्लोबेरने आधारग्रंथांची नावे देत वृत्तपत्रातून जाहीर उत्तर दिले.

खरी अडचण त्या आधारांचीच आहे. कार्थेजचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नामशेष झाले. उरले ते ग्रीक आणि रोमन लेखकांचे. पॉलिबियस तर कार्थेज जळताना रोमन सेनापती स्किपिओच्या सोबत होता. अग्नीत बालके अर्पण करण्याचा कादंबरीतला अंगावर काटा आणणारा प्रसंगही डायोडोरससारख्या परक्यांच्या वर्णनावर रचलेला. त्यात एकोणिसाव्या शतकातील फ्रेंचांची ‘क्रूर, विलासी पूर्व’ पाहण्याची हौस मिसळलेली आहे. माझ्या मते सर्वाधिक सावध राहायचे ते इथे.

१९२१ मध्ये सालाम्बो भागातच बालकांच्या जळालेल्या अस्थींचे कलश सापडले. काही अभ्यासक तो बळींचा पुरावा मानतात, काही अकाली मेलेल्या अर्भकांची दफनभूमी. वाद अद्याप मिटलेला नाही.