वणीच्या रानातली शिकार

यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' असे होते. कचेरी यवतमाळात आणि नाव वणीचे, असा तो सरकारी खाक्या! या जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी आणि पांढरकवड्याच्या भोवताली सागाचे रान पसरले आहे. कोलाम आणि गोंड हे तिथले जुने रहिवासी, आणि वाघ त्यांचा शेजारी.

साहेबाने या शेजाऱ्याला 'गेम' म्हटले आणि त्याच्या शिकारीला 'स्पोर्ट'. आपले राजेरजवाडे शिकार करीत नसत असे नाही. पण तिला खेळाचे कायदेकानू लावले ते इंग्रजाने. मध्यप्रांत-वऱ्हाडात राखीव जंगलाचे शिकारीसाठी 'ब्लॉक' पाडले जात. परवाना काढायचा, फी भरायची, ठरल्या मुदतीत शिकार उरकायची. रेडकू बांधावे, मचाण घालावे, आणि हाकारा करून जनावर बंदुकीसमोर आणावे. हाकाऱ्याला माणसे अर्थातच गावातली. मचाणावर बसण्याची मौज एकाची, आणि काठ्या बडवीत झुडपांतून वाघाच्या रोखाने चालत जाण्याची मजुरी दुसऱ्यांची. छायाचित्रात मात्र पहिलाच ऐटीत उभा!

इंग्रज गेला, खेळ राहिला. नव्हे, त्याचा व्यापार झाला. १९५०च्या दशकात नागपूरची ॲल्विन कूपर कंपनी मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीच्या सफरी काढीत असे. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल ऐन तारुण्यात याच धंद्यात होते. परकीय चलनाची ओढ कोणाला नसते? अखेर १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला.

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, मचाणाच्या जागी जिप्सी. परवाना आहे, फी आहे, मुदत आहे; जुन्या ब्लॉकची सारी व्यवस्था नव्या कामी लागली म्हणायची! पण हाकाऱ्याचा वाटाड्या झाला, हा फरक लहान नव्हे. पूर्वी वाघ मेला की मजुरी मिळे. आता वाघ मेला तर ती बुडते. टिकाऊ पर्यटनाचे शास्त्र सांगणारे विद्वान पानेच्या पाने लिहितात, त्यातले मर्म मला एवढेच दिसते.

अडचण निराळीच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधला. तो पठ्ठ्या तेलंगणात शिरला, परतला, आणि शेते, सडका, ओढे ओलांडीत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेच्या रानात पोचला. सुमारे तीन हजार किलोमीटरची पायपीट! प्रवाशांची गाडी फाटकाशी थांबते, वाघ थांबत नाही. आणि फाटकावरचा पैसा वाघाच्या मागोमाग गावोगाव चालत जात नाही. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव भागात, तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण एका खासगी शिकाऱ्याच्या गोळीने मेली. एप्रिल २०२१ मध्ये तर खुद्द झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या जंगलात, एक गाभण वाघीण गुहेत मेलेली सापडली. तिचे पंजे तोडून नेले होते. ते रान अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे. तिथे फाटक नाही.