हात, कान आणि प्रतिध्वनि

मूल जन्मास येण्याची वाट लांबीनें वीतभरहि नाहीं. परंतु इतकी अवघड वाट मनुष्याला जन्मभरांत पुन्हा चालावी लागत नाहीं. त्या वाटेवर बाळ किती पुढें आलें, त्याचें डोकें कोणत्या बाजूस वळलें, कळा येत असूनहि तें एकाच जागीं अडून तर बसलें नाहीं ना, हे प्रश्न सुईणीपुढें प्राचीन काळापासून उभे आहेत. ‘बाई अडली’ एवढे दोन शब्द कानांवर पडले कीं घरांतल्या सर्वांच्या तोंडचें पाणी पळे. खरी स्थिति उशिरा कळली तर दोन जीव धोक्यांत येत. चुकीची कळली तर भलताच उपाय होई. ही झांकलेली वाट पाहण्याचीं साधनें मनुष्यानें कसकशीं मिळविलीं, याची कथा मोठी बोधप्रद आहे.

पहिलें साधन म्हणजे हात. विल्यम स्मेली या लंडनमधील प्रसूतिवैद्यानें १७५२ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला आणि कटीरांतून उतरतांना बाळाचें डोकें कसकसें वळत जातें, याचें अचूक वर्णन केलें. बोटांच्या टोंकांनीं टाळू आणि कवटीच्या शिवणी ओळखावयाच्या आणि त्यांवरून डोक्याचें तोंड कोणीकडे आहे हें ताडावयाचें, ही विद्या तेव्हांपासून शास्त्रशुद्ध झाली. कटीराच्या दोहों बाजूंस हाडांचीं जीं टोंकें आंत आलेलीं असतात, त्यांची पातळी पुढें शून्य ठरली आणि तिच्यावर किंवा तिच्याखालीं डोकें किती सेंटिमीटर आहे, हें बोटांनींच सांगण्याची पद्धति रूढ झाली.

परंतु पाहणारा हाच हात मृत्यूहि घेऊन येत असे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागांत प्रसूति करीत, तेथें १८४७ च्या एप्रिलांत शेंकडा १८ हून अधिक स्त्रिया दगावल्या. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनींच स्त्रियांची तपासणी होते, हें इग्नाझ सेमेलवाइस यानें ओळखलें. त्याच वर्षीं मे महिन्यापासून त्यानें सर्वांना क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्यास लावलें; थोड्याच महिन्यांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास आलें. हात स्वच्छ झाले, तरी प्रत्येक आंतील तपासणीबरोबर जंतुसंसर्गाचा थोडा तरी धोका राहतोच, ही गोष्ट वैद्यांच्या मनांत कायमची बसली.

दुसरें साधन कान. लेनेक यानें १८१६ सालीं स्टेथॉस्कोप शोधला आणि १८२१ मध्यें केर्गारादेक यानें त्याच नळीनें गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकून पॅरिसच्या विद्वानांपुढें मांडले. १८९५ सालीं पिनार यानें बनविलेला लहानसा कर्णा जगभरच्या सुइणींच्या हातीं गेला. बाळ जिवंत आहे, व्याकुळ आहे, इतकें कानानें कळे. तें कोठवर आलें, हें मात्र नीट कळत नसे. त्याच १८९५ सालीं रंटगेनचे किरण सांपडले आणि कटीराचीं चित्रें काढतां येऊं लागलीं. पण गर्भावस्थेंत हे किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण वाढतें, असें ॲलिस स्ट्युअर्ट यांनीं १९५६ मध्यें दाखवून दिलें आणि ती वाट बहुतेक बंद झाली.

तोंपर्यंत इमॅन्युएल फ्रीडमन यांनीं १९५४ सालीं प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला होता. गर्भाशयाचें मुख किती उघडलें, हें वेळेच्या मापावर टिपावयाचें, ही त्यांची युक्ति. १९७२ मध्यें तत्कालीन ऱ्होडेशियांत फिलपॉट व कॅसल या डॉक्टरांनीं त्या आलेखावर सावधगिरीची एक आणि उपायाची एक अशा दोन रेघा ओढल्या. दूरच्या खेड्यांतील सुइणीला, अडलेली बाई मोठ्या रुग्णालयांत केव्हां पाठवावी, हें त्या रेघा सांगत. तथापि आलेखावरील ठिपका अखेर बोटांनींच मोजलेला असे.

इकडे एक निराळाच प्रवाह वाहत होता. १८८० सालीं झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनीं दाखविलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाली. मग पहिलें महायुद्ध आलें, आणि पाणबुड्या शोधण्यासाठीं लांजव्हँ यानें त्याच स्फटिकांपासून श्रवणातीत ध्वनि निर्माण करून त्याचा प्रतिध्वनि टिपला. पुढें कारखान्यांतील धातूंच्या पोटांतल्या भेगा याच प्रतिध्वनीनें शोधल्या जाऊं लागल्या. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनल्ड हे २१ जुलै १९५५ रोजीं शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठी मोटारींत घालून रेनफ्र्यू येथील बॉयलरच्या कारखान्यांत गेले. धातूची भेग दाखविणारें तें यंत्र घन गांठ कोणती व पाण्यानें भरलेली कोणती, हेंहि दाखवूं लागलें! इंजिनियर टॉम ब्राउन आणि डॉक्टर मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनीं लिहिलेला निबंध ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्यें आला आणि पोटांतील बाळ मनुष्याच्या दृष्टीस पडण्याचा काळ सुरू झाला.

आश्चर्य असें कीं, नऊ महिने बाळावर नजर ठेवणारें हें यंत्र प्रत्यक्ष कळांच्या वेळीं मात्र बराच काळ दाराबाहेरच राहिलें. बोटांवरचा विश्वास दृढ होता. २००२ मध्यें न्यूयॉर्कच्या शेरर प्रभृतींनीं दोन्हींची तुलना केली, तेव्हां कळांच्या भरांत निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्यें डोक्याच्या दिशेविषयीं बोटें आणि प्रतिमा यांचा मेळ बसला नाहीं. २००५ मध्यें फ्रान्सांत द्यूपुई यांनीं कृत्रिम कटीरावर डॉक्टरांची परीक्षा घेतली. डोकें वर आहे, मध्यें आहे कीं खालीं, एवढ्या ढोबळ उत्तरांतहि अनुभवी डॉक्टर सुमारें एक-तृतीयांश वेळां चुकले. यांत हलगर्जीपणा नव्हता. प्रसूति लांबली म्हणजे बाळाच्या डोक्यावरची त्वचा सुजते, हाडें एकमेकांवर सरकतात आणि शिवणी बुजतात. म्हणजे जेव्हां नेमकें ज्ञान हवें, तेव्हांच बोटें आंधळीं होतात.

२००९ सालीं बार्बेरा आणि कालाखे यांच्या मंडळींनीं बाहेरूनच यंत्र टेकवून एक कोन मोजला. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या सांध्यांतून एक रेघ आणि त्या सांध्याच्या खालच्या टोंकापासून बाळाच्या कवटीस स्पर्श करणारी दुसरी रेघ. डोकें जसजसें उतरतें, तसतसा दोहोंमधील कोन मोठा होतो. सुमारें ११६ अंशांवर डोकें त्या जुन्या शून्य पातळीस येतें. १२० च्या पुढें गेलें तर आपोआप किंवा साधनाच्या मदतीनें सुखरूप प्रसूति होण्याची आशा पुष्कळ वाढते. २०१८ सालीं प्रसूतीतील श्रवणातीत ध्वनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें यावर मार्गदर्शक नियमहि प्रसिद्ध केले.

तरी यंत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. आयर्लंडमध्यें ५१४ स्त्रियांवर झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चुकीच्या निदानाचें प्रमाण शेंकडा २० वरून दोनांच्याहि खालीं आलें. पण आई-बाळांस होणाऱ्या इजा तेवढ्यानें कमी झाल्या नाहींत. दिसणें निराळें आणि दिसल्यावर योग्य तें करणें निराळें. महाराष्ट्राला तर याचा आणखी कडू धडा मिळालेला आहे. ज्या यंत्रानें बाळाचा जीव राखावयाचा, त्याच यंत्रानें पोटांतील मुलगी ओळखून तिचा जीव घेण्याचा धंदा चालला. म्हणून १९८८ मध्यें गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा करणारें महाराष्ट्र हें भारतांतील पहिलें राज्य ठरलें. १९९४ सालीं संपूर्ण देशाचा कायदा झाला, आणि नोंदणीवांचून असें यंत्र वापरणें गुन्हा ठरलें. प्रसूतिगृहांतील यंत्रहि या बंधनांतून सुटत नाहीं, आणि तें योग्यच होय.

स्मेलीचें बोट, पिनारचा कर्णा आणि डोनल्डचा प्रतिध्वनि हे परस्परांचे वैरी नव्हेत. आईच्या कपाळावरून फिरणारा धीराचा हात कोणतेंहि यंत्र देऊं शकत नाहीं; आणि सुजलेल्या डोक्याची दिशा तो हात नेहमींच सांगूं शकत नाहीं. जेथें हात नम्रपणें थांबतो आणि प्रतिध्वनीचें ऐकतो, तेथेंच ती वीतभर वाट दोन जीवांना सुखरूप पार करतां येते.