आजोबांच्या वहीतील 'मोरस'

आमची आजी साखरेला अखेरपर्यंत 'मोरस' म्हणत असे. "अरे, मोरस संपली, वाण्याकडून आण," असे तिने सांगितले की आम्ही मुले हसायचो. हा शब्द मॉरिशसवरून आला, हे पुष्कळ वर्षांनी कळले. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरून मुंबई बंदरात पांढरी दाणेदार साखर येऊ लागली आणि बेटाचे नावच मालाला चिकटले. अशी परदेशची नावे आपल्या घरात किती तरी होती. 'गॅसलाइट'चे घासलेट झाले, 'रॉक ऑइल'चे राकेल झाले, आणि मद्रासकडच्या माधवपालेमचे कापड मांजरपाट म्हणून आपल्या अंगाखांद्यावर आले.

हे सारे आठवायचे कारण आजोबांची जमाखर्चाची वही. ते जी.आय.पी. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. वहीची सुरुवात १९०४ च्या दिवाळी पाडव्याला कल्याणमध्ये झाली आहे. अक्षर मोडी, त्यामुळे ती कित्येक वर्षे आमच्याकडे नुसती पडून होती. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याने वाचून दिली, तेव्हा त्या काळच्या घरातले वाणसामान डोळ्यांपुढे उभे राहिले.

आजोबांच्या वडिलांच्या काळी, गावाकडे, खरेदी वर्षाची असे. सुगी झाली की धान्य घरात यायचे. चैत्र-वैशाखात तूरडाळ, मिरच्या, हळद, मीठ, चिंच यांची बेगमी व्हायची. उन्हे द्यायची, डाळीला तेलाचा हात लावायचा, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कणगीत, बळदात, रांजणात भरून ठेवायचे. उरलेसुरले आठवड्याच्या बाजारातून. कल्हईवाला, कासार, बोहारीण दारात येत. बोहारणीला तर पैसेही नकोत, जुन्या लुगड्यावर भांडे मिळे. बायकांना बाजारात जाण्याचे काम पडत नसे. पण काय संपले, किती आणायचे, हे मात्र त्यांच्याच डोक्यात असे.

पगारदार माणसाने ही पद्धत मोडली. पगार महिन्याचा, जागा एका-दोन खोल्यांची. वर्षाचे तांदूळ ठेवायचे कुठे? त्यामुळे वाण्याकडे खाते, महिनाभर उधारी आणि पगार झाला की चुकती. आजोबांच्या वहीत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 'वाणी यांस दिले' अशी ठसठशीत नोंद आहे. तिच्याखाली बारीक अक्षरात रुपये, आणे, पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून का घेत, ते ही वही पाहिल्यावर समजते. सव्वातीन शेर डाळीचा हिशेब वाण्याच्या आधी तोंडी झाला नाही, तर फसगत ठरलेली!

या वहीतला खरा गमतीचा भाग १९०५ नंतरचा आहे. बंगालच्या फाळणीवरून त्या वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात बहिष्काराची हाक दिली गेली, आणि दसऱ्याच्या सुमारास पुण्यात सावरकर व त्यांच्या सोबत्यांनी विदेशी कपड्यांची होळी केली. त्यापायी सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहातून काढून टाकले आणि दहा रुपये दंडही झाला. गणेशोत्सवातील मेळे स्वदेशीची पदे म्हणू लागले. मुंबईत स्वदेशी मालाचे स्टोअर निघाले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने घरोघर एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

रेल्वेच्या कारकुनाने यात काय करावे? सभेत दिसला तर साहेबाच्या कानावर जायचे. होळीत कापड टाकले तर नोकरीच जळायची. आजोबांच्या वहीत होळीचा, सभेचा, टिळकांचा उल्लेख कुठेही नाही. मात्र १९०५ च्या मार्गशीर्षापासून 'मोरस' ही नोंद बंद होते आणि 'गूळ' दुप्पट होतो. पुढच्या वर्षी धोतरजोडीपुढे 'मिलची' असा शब्द येतो. म्हणजे आपल्याकडच्या गिरणीची. (त्या गिरण्यांतली यंत्रे लँकेशायरची होती, पण तो वाद आजोबांनी वहीत घातलेला नाही.) यादीतला एक शब्द गाळला तर कोणत्या साहेबाला दिसणार? वर्तमानपत्रात ज्यांची नावे आली नाहीत, अशा हजारो नोकरदारांची स्वदेशी अशी वाण्याच्या वहीत झाली असावी, असे मला वाटते.

साखरच का, याला दोन कारणे होती. मॉरिशसची साखर मागे पडून युरोपातली बीटाची साखर बाजारात घुसली होती. तिकडची सरकारे कारखानदारांना निर्यातीसाठी पैसे देत, म्हणून ती इथे स्वस्त पडे. इतकी, की १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारलाही तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. देशी साखर करणारे त्यात बुडत होते. दुसरे कारण सोवळ्याचे. परदेशी कारखान्यांत साखर पांढरी करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात, ही माहिती पसरली आणि ती खरीही होती. ज्यांना राजकारण कळत नव्हते त्यांनाही हे कळले. गणपतीच्या नैवेद्याची मात्र अडचण आली नाही. उकडीच्या मोदकात गूळच. बाप्पा मुळातच स्वदेशी!

पण व्रत पुरुषाने घ्यायचे आणि निभवायचे स्वयंपाकघराने, हा प्रकार तेव्हाही होताच. देशी साखर पिवळसर आणि महाग. पाहुण्यांपुढे ती ठेवायला आजीला संकोच वाटे. १९१० च्या जानेवारीत वहीत एक नोंद आहे : 'मोरस २ शेर, घरातून.' 'घरातून' म्हणजे आजीने. चार वर्षांनी हा शब्द वहीत परत आला तो आमच्या थोरल्या काकांच्या पहिल्या संक्रांतीला. बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करायचे होते. आजी सांगायची, "काटा पांढराशुभ्र फुटायला हवा. तुझ्या आजोबांचं व्रत त्या तिळाला काय ठाऊक?" आजोबा काही बोलले नाहीत म्हणे. त्यांनी नोंद केली, एवढेच. पुढे दर पौषात अशी एक नोंद सापडते; इतर अकरा महिने गूळ.

राकेल आणि काड्यापेटी यांना त्या व्रतात पळवाट नव्हती. देवघरात तेलाचा दिवा चालतो, अभ्यासाला कंदील लागतो. राकेल अमेरिकेचे, रशियाचे किंवा ब्रह्मदेशचे. काड्या स्वीडनच्या नाहीतर जपानच्या. राकेलचा चार गॅलनचा पत्र्याचा डबा तेल संपल्यावर घरात धान्यासाठी राही आणि लाकडी खोक्याचे फडताळ होई. आमच्याकडे असा एक डबा माझ्या लहानपणापर्यंत पोह्यांसाठी होता.

१९०८ मध्ये आजोबांची बदली जबलपूरला झाली आणि वहीत एक वेगळाच घोटाळा सुरू झाला. मुंबईचा मण अठ्ठावीस रत्तलांचा, तर रेल्वेचा बंगाली मण ब्याऐंशी रत्तलांहून थोडा अधिक. म्हणजे जवळजवळ तिप्पट. दोन्हीचे शेर मात्र चाळीसच! त्यातून कोकणातले आजीचे गणित पायलीचे : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ते झाले मापाचे, वजनाचे नव्हे. मालधक्क्यावर दिवसभर बंगाली मणांत हिशेब करणारे आजोबा घरच्या वहीत पहिले काही महिने 'शेर (येथील)' असे लिहितात. वर उल्लेखिलेले हलव्याचे दोन शेर 'येथील' होते, म्हणजे जवळपास दोन किलो. कल्याणच्या मापाने ते साडेसहाशे ग्रॅमसुद्धा भरले नसते. परमुलखात बिऱ्हाड केलेल्या मराठी बाईला पहिली अडचण भाषेची आली की शेराची, हे सांगणे कठीण आहे. हा गोंधळ निस्तरायला पुढे पन्नास वर्षे गेली. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो.

पहिल्या महायुद्धात सगळेच महागले. १९१८ साली पाऊस नाही, त्यात इन्फ्लुएंझा. मुंबईत सरकारला स्वस्त धान्याची दुकाने उघडावी लागली. त्या वर्षीच्या वहीत ज्वारी आणि औषध यांखेरीज फारसे काही नाही, आणि दोन महिन्यांची पाने कोरी आहेत.

त्यानंतर मात्र यादी हळूहळू बदलते. चरबी नसलेला गोदरेजचा साबण येतो. ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील येतो, त्यापुढे आजोबांनी किंमत लिहून खाली रेघ ओढली आहे. साखर तेवढी जावाची असे, म्हणून गूळ चालूच. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिले, कारखाने भराभर निघाले आणि चार-पाच वर्षांत जावाची साखर जवळजवळ बंद झाली. नगर जिल्ह्यात बेलापूरचा कारखाना तर त्याआधीपासून होता.

आजोबा १९३७ मध्ये निवृत्त झाले. त्या वर्षीच्या दिवाळीत वहीत पौष नसताना साखरेची नोंद आहे, पाच शेर. आजोबांनी लिहिले आहे, 'साखर, देशी'. शेजारी शिसपेन्सिलीने, आजीच्या बाळबोध अक्षरात, 'मोरस'.