ब्रह्मपुरीतला समुद्रदेव



रोमचं साम्राज्य आपण शाळेत नकाशावर पाहिलं. भूमध्य समुद्राभोवती रंगवलेला पट्टा, त्यात दाखवायचं रोम, अलेक्झांड्रिया, कार्थेज. सातवाहन वेगळ्या धड्यात होते, त्यांचे गुण वेगळे होते. हे दोन धडे एकाच काळातले आहेत आणि त्यांची गाठ आपल्या गावात, पंचगंगेच्या काठी पडते, हे बऱ्याच कोल्हापूरकरांना आजही ठाऊक नाही. म्हणून आपल्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

जुन्या गावाच्या वायव्येला, पंचगंगा घाटाजवळ ब्रह्मपुरीची टेकडी आहे. ही टेकडी नुसती निसर्गाने तयार केलेली नाही. घर पडायचं, त्याच्या मातीवर पुढचं घर उभं राहायचं, असं शतकानुशतकं चालत आलं आणि पांढरीचा उंचवटा तयार झाला. इथे काहीतरी जुनं आहे याची चाहूल एकोणिसाव्या शतकातच लागली होती. १८७७ साली कोल्हापुरात एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि त्यातला स्फटिकाचा करंडक मिळाला. धनुष्यबाण कोरलेली शिशाची नाणीही मिळाली. त्यांवर विळिवायकुर, सिवलकुर अशी राजांची नावं आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने ‘हिप्पोकुरा’ ही ‘बॅलिओकुरोस’ राजाची राजधानी असल्याचं लिहून ठेवलं आहे. बॅलिओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं अनेक अभ्यासकांनी मानलं. अलेक्झांड्रियात बसून लिहिणाऱ्या माणसापर्यंत या भागातल्या राजाचं नाव पोहोचलं होतं, हे पहिलं आश्चर्य.

दुसरं आश्चर्य १९४४ साली बाहेर आलं. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांना ब्रह्मपुरीत धातूच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५२ साली छापून आला. वरच्या थरांत मध्ययुगीन वस्ती होती आणि खाली सातवाहनकालीन विटांची घरं. म्हणजे आज आपण ज्याला कोल्हापूर म्हणतो तिथे किमान दोन हजार वर्षांपूर्वी बांधीव घरांचं गाव नांदत होतं.

त्या साठ्यातल्या बहुतेक वस्तू इथल्याच आहेत. स्वार बसलेला एक सुरेख हत्ती आहे, भांडी आहेत. त्यांच्याच सोबत काही वस्तू मात्र परक्या: मद्याची सुरई, आरसा, पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची ग्रीक कथा उठावात दाखवणारी चकती, आणि या सगळ्यांत प्रसिद्ध असलेली पोसायडनची कांस्यमूर्ती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, रोमनांचा नेपच्यून. मूर्ती जेमतेम पाच इंचांची, पण अंगाची ठेवण अशी की मोठ्या पुतळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटावं. एक हात उंचावलेला आहे. त्यात मुळात त्रिशूळ असणार.

आता प्रश्न असा, की समुद्र घाटाखाली राहिला आणि समुद्राचा देव कोल्हापुरात कसा? त्याचं उत्तर मान्सूनच्या वाऱ्यात आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून निघालेली गलबतं नैऋत्य वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि काही महिन्यांनी वारा उलटला की परतत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण, चौल अशा बंदरांची नावं येतात. बंदरावरचा माल बैलांच्या तांड्यांनी घाट चढून देशावर येई. मिरी, मलमल, हस्तिदंत, मौल्यवान खडे तिकडे जात. सोनं-चांदी, मद्य, तांब्या-कांशाच्या वस्तू इकडे येत. प्लिनी या रोमन लेखकाने तर तक्रारच केली आहे, की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. इटलीत इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात, भोकरदन आणि तेर इथे मिळाल्या. पाँपेईच्या एका घरात आपल्याकडची मूर्ती आणि ब्रह्मपुरीच्या एका घरात त्यांच्याकडची, असा हा जमाखर्च आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे पाहून “कोल्हापुरात रोमन राहत होते” असं म्हणणं चूक ठरेल. इथे रोमन मंदिर नाही, रोमन वाडा नाही. या वस्तू हातोहात, बाजारोबाजार फिरत इथवर आल्या असतील. घेणाऱ्याने पोसायडनला देव म्हणून पुजलं, शोभेची वस्तू म्हणून ठेवलं, की कांशाच्या मोलाने घेतलं, याबद्दल तर्कच करता येतो. पण तो घेण्याची ऐपत आणि हौस असलेला माणूस इथे होता, एवढं नक्की. मला वाटतं, अभिमान बाळगायचा तर तो रोमचा नको, त्या अनामिक कोल्हापूरकराचा बाळगावा.

आज ब्रह्मपुरीवर जाऊन पाहण्यासारखं फार थोडं आहे. टेकडीवर घरं आहेत, उत्खननाचे खड्डे केव्हाच बुजले. पुरावा उरला आहे तो भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये. हे म्युझियम सुरू झालं तेच मुळी ब्रह्मपुरीच्या वस्तूंमुळे. मेजर मँट यांनी बांधलेल्या त्या इमारतीसमोरून आपण शाळेच्या दिवसांत किती वेळा सायकलवरून गेलो असू! पोसायडनची मूर्ती २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्रदर्शनात मांडली गेली. तिथल्या लोकांनी ती रांगेने पाहिली असेल. आपल्या गावातल्या किती मुलांनी पाहिली आहे?

दोन विनंत्या करतो. आपल्यातले जे आज शिक्षक आहेत, त्यांनी सातवाहनांचा धडा एकदा तरी टाऊन हॉलमध्ये शिकवावा. आणि जे बांधकामाच्या धंद्यात आहेत, त्यांनी नदीकाठच्या जुन्या पेठांत पाया खोदताना विटांची जुनी भिंत, नाणी किंवा खापरं दिसली तर काम थांबवून कळवावं. जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे. ब्रह्मपुरीच्या पोटात अजूनही बरंच काही असणार, आणि जेसीबीच्या एका फटक्यात दोन हजार वर्षांचा थर निघून जातो. तो परत रचता येत नाही.

पुढच्या मेळाव्याला सकाळचा एक तास यासाठी राखून ठेवू. आधी टेकडीवर जाऊ, मग म्युझियम पाहू, आणि मिसळ त्यानंतर.