रक्तबीजाची पानं किती?

नवरात्रात कल्याणच्या दुर्गाडीवर दर्शनाची मोठी रांग लागते. गेल्या वर्षी त्या रांगेत नववीतल्या मावसभावाने मला विचारलं, "ताई, महिषासुर बॉस होता की नुसता एनिमी?" पुढच्या आजी वळून बघायला लागल्या. मी हसले, पण तेव्हा माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण नेमकं याच प्रश्नावर अडलं होतं.

ज्यांना व्हिडिओ गेमचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाटेत घोळक्याने भेटतात ते एनिमी, टप्प्याच्या शेवटी वाट अडवून बसतो तो बॉस. चाहते मिळून विकीवर या सगळ्यांची पानं लिहितात: कुठे भेटतो, ताकद किती, हरतो कसा. हे ज्ञान चाहते कसं रचतात, हा माझा विषय.

माझी चूक

एका विकीच्या जुन्या जतन केलेल्या प्रतींवरून मी दोन वेगवेगळ्या वर्षांतली शत्रूंची पानं मोजली. दुसऱ्या वर्षी ती बरीच कमी भरली. लगेच "चाहत्यांचा रस ओसरला" असा झकास परिच्छेद लिहून टाकला. गाईड मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, "कमी झालेली पानं गेली कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एकेका पानाचा 'इतिहास' टॅब उघडत बसले. पानं कुठेच गेली नव्हती. किरकोळ शत्रूंची चार-चार ओळींची पानं एका मोठ्या यादीत विलीन केली होती, आणि त्याआधी चर्चापानावर कडाक्याचं भांडण झालं होतं. रस ओसरलेला नव्हताच. दोन महिन्यांचं काम मात्र पाण्यात गेलं.

हे भांडण जुनं आहे

मॅडम म्हणाल्या, "आधी आपले कोश बघ." म्हणून ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. (ही संस्था १८९३ची, आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. आपल्या पट्ट्यात राहून संशोधन करणाऱ्यांनी दोन्हीकडे एकदा तरी जावं.)

संस्कृत अमरकोशाची मांडणी वर्गवार आहे. असुरांची नावं स्वर्गवर्गात, म्हणजे देवांच्याच विभागात येतात. त्यात 'इंद्रारि', इंद्राचा शत्रू, हे नाव आहे, तसंच 'पूर्वदेव', म्हणजे आधीचे देव, हेही आहे. राक्षस मात्र यक्ष-गंधर्वांबरोबर देवयोनींच्या यादीत बसवले आहेत. आपण असुर आणि राक्षस सर्रास एकाच पोत्यात भरतो. अमरसिंहाने ते वेगळे ठेवले. कोणाला कुठे बसवलं, यातच त्याचं मत आलं.

सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश' १९३२ साली आला. त्याची मांडणी अकारविल्हे. इथे देव, ऋषी, राजे, असुर सगळे एकाच रांगेत. इंद्राच्या आसपासच इंद्रजितही सापडतो, शत्रुत्वाचा काही संबंध नाही. एकाच नावाच्या व्यक्तींना क्रमांक दिले आहेत आणि माहितीच्या पुढे कंसात ग्रंथाचा संदर्भ आहे.

तो कंस किती महत्त्वाचा, हे महिषासुरावरूनच बघा. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात त्याला देवी मारते, महाभारताच्या वनपर्वात मात्र स्कंद मारतो. मग नोंद एक करायची की दोन? जय-विजय हे हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र म्हणून जन्मतात. हे सहा शत्रू, की दोनच बॉसची तीन-तीन रूपं? आणि रक्ताच्या थेंबागणिक नवा उभा राहणाऱ्या रक्तबीजाची पानं किती करायची?

विकीवरचे लोक नेमकं यावरच भांडत असतात. 'डार्क सोल्स' (२०११) मध्ये ऑर्नस्टीन आणि स्माऊ एकत्र लढतात. एकाला मारलं की उरलेला त्याची शक्ती घेऊन आणखी भारी होतो. लढत एक, पात्रं दोन, रूपं आणखी वेगळी. 'डार्क सोल्स २' (२०१४) मध्ये ऑर्नस्टीनसारखाच दिसणारा 'ओल्ड ड्रॅगनस्लेअर' येतो. त्याची नोंद ऑर्नस्टीनच्या पानावर, की स्वतंत्र?

विकिपीडियावर एके काळी प्रत्येक पोकेमॉनचं स्वतंत्र पान होतं. २००७च्या सुमारास त्यातली बहुतेक पानं याद्यांमध्ये विलीन झाली. चाहत्यांच्या बल्बापीडियावर आजही प्रत्येकाचं वेगळं पान आहे. विकिपीडिया विचारतो, "याच्याबद्दल बाहेरच्या कोणी लिहिलंय का?" चाहते विचारतात, "हा गेममध्ये आहे ना?" पात्रं तीच, पण नियम बदलला की संख्या बदलते.

तुम्हाला यातून काय घ्यायचं

मोजायच्या आधी, 'एक' म्हणजे काय हे कोणी आणि कधी ठरवलं ते शोधा. हे फक्त गेमला लागू नाही. जनगणनेतली जात असो, दफ्तरातलं गाव असो की ग्रंथसूचीतली आवृत्ती, नोंद कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हा कोणाचा तरी निर्णय असतो.

विकीवर काम करणार असाल तर पानाबरोबर त्याचा इतिहास आणि चर्चाही वाचा. पान विलीन करून पुनर्निर्देशित केलं असेल, तर जुन्या मजकुराचा इतिहास बहुधा तिथेच सापडतो. पण पान काढूनच टाकलं, तर तो सामान्य वाचकाला दिसत नाही. म्हणून वाचलं त्या दिवशीच तारीख आणि त्या आवृत्तीचा कायमचा दुवा टिपून ठेवा. मी हे उशिरा शिकले.

फसलेला तक्ता मी फेकला नाही. नव्या प्रकरणात तो पहिल्याच पानावर आहे, आणि त्याखाली पानं कधी व का विलीन झाली ते लिहिलंय.

भावाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. दिवाळीला आला तेव्हा म्हटलं, "कोणत्या ग्रंथातला महिषासुर, ते आधी सांग."

तो म्हणाला, "म्हणजे व्हर्जन कुठलं, असंच ना?"

असंच.